पावसाळ्यात मुंबईत उघड्यावर राहायची वेळ आली तर?

प्रश्न : खोली सुटली आहे, दोन-तीन आठवडे रस्त्यावर काढावे लागतील. झोप आणि कागदपत्रं कशी सांभाळायची?

उत्तर १ : जमिनीवर थेट झोपू नका. बंद दुकानाचा उंच ओटा बघा. खाली ताडपत्री, वर पुठ्ठ्याचे दोन थर. उलटं केलंत तर पुठ्ठा ओल शोषतो आणि पहाटे पाठ आखडते. ताडपत्रीची कड वर दुमडा, नाहीतर वाहतं पाणी आत शिरतं. चपला उशाखाली.

उत्तर २ : आधार, पासबुक दोन पिशव्यांत, गाठ खालच्या बाजूला, कमरेला बांधून. त्यांचे फोटो सरकारच्या डिजिलॉकर ॲपमध्ये. स्टेशनच्या क्लोकरूमवर विसंबू नका, तिकीट आणि कुलूपबंद बॅग लागते.

उत्तर ३ : सगळे सामानाचंच बोलतायत, पाय विसरले! तुंबलेल्या पाण्यात उंदरांचं मूत्र असतं, जखमेतून लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस हा तापाचा आजार) होतो. अशा पाण्यातून चाललात तर ७२ तासांच्या आत पालिकेच्या दवाखान्यात जा, डॉक्टर तो टाळण्यासाठी डॉक्सिसायक्लिन हे औषध देतात. रात्री पाय कोरडे पुसा, बोटांच्या बेचक्याही.

उत्तर १ : बरोबर. आणि पालिकेच्या रात्र निवाऱ्याची चौकशी दुपारीच करा, रात्री खाटा भरलेल्या असतात.