अनुभव धागा: गेम ऑफ थ्रोन्सच्या बायका आणि आपला भ्रमनिरास

गंगापूर रोड, नाशिक (धागा मीच काढतेय)

बारावीची परीक्षा देऊन भाची माझ्याकडे राहायला आली आहे आणि तिने 'गेम ऑफ थ्रोन्स' ही राजे-राण्या आणि ड्रॅगनची इंग्रजी मालिका पहिल्यांदाच लावलीय. परवा पाचव्या सीझनच्या मध्यावर लॅपटॉप मिटून स्वयंपाकघरात आली आणि म्हणाली, "मावशी, पुढे हिचं काही बरं होतं का गं?" हिचं म्हणजे सान्साचं, उत्तरेतल्या स्टार्क घराण्याच्या मुलीचं. होतं, म्हटलं. पण माझ्या तोंडावरून तिला काय ते कळलं असावं.

मालिका संपून वर्षं झाली तरी हा विषय निघाला की आमच्या ग्रुपमधल्या बायका एकदम बोलायला लागतात. म्हणून इथे लिहा. कोणती बाई, कोणता भाग, तेव्हा तुम्ही कुठे होतात, कोणाबरोबर बघत होतात. शेवटासकट सगळं उघड लिहिलं जाणार आहे, तेव्हा ज्यांचं बघायचं राहिलंय त्यांनी इथूनच मागे फिरावं. आणि "ड्रॅगन चालतात, मग हे का खटकतं?" हा प्रश्न कृपया विचारू नका. ड्रॅगन चालतात म्हणूनच खटकतं. आग ओकणारे प्राणी ज्यांना सुचतात त्यांना एका बाईला धड निरोप देणं सुचू नये?

माझी ब्रिएन, तलवार चालवणारी. माझी उंची पाच फूट दहा इंच. शाळेत रांगेत कायम शेवटी, कॉलेजात बास्केटबॉल, आणि बघण्याच्या कार्यक्रमात मुलाची आई "जरा उभी राहतेस का गं" म्हणाली की पुढचं उत्तर मला ठाऊक असायचं. उंच, दणकट बाई आपल्याकडे पडद्यावर आली की हसायलाच येते. ब्रिएनला मालिकेतले लोक हसतात, मालिका हसत नाही. हे मला तेव्हा फार मोठं वाटलं होतं. २२ एप्रिल २०१९ च्या सकाळी, तिचा जीव ज्याच्यावर जडलाय तो जेमी तिला सरदारकी देतो तो भाग आला. ती गुडघ्यावरून उठते तेव्हाचं तिचं हसू बघून मी डबा भरायचा विसरले.

दोनच आठवड्यांनी, ६ मे रोजी, तीच ब्रिएन रात्रीच्या अंधारात विंटरफेल किल्ल्याच्या अंगणात झग्यावर उभी राहून जेमीला "जाऊ नकोस" म्हणत हमसून रडते. रडण्याला माझी हरकत नाही, मीही रडते. पण तिचा पुढचा मोठा प्रसंग काय, तर राजरक्षकांच्या वहीत जेमीचं पान पूर्ण करणं. त्याची कीर्ती, तिचं हस्ताक्षर. तिचं स्वतःचं पान कोण लिहिणार? ब्रिएनचं काम करणाऱ्या ग्वेंडोलिन क्रिस्टीचं नाव त्या वर्षी वाहिनीने एमी पुरस्कारासाठी पाठवलंच नव्हतं. तिने स्वतः अर्ज भरला आणि नामांकन मिळवलं. ब्रिएनला शोभेलसा शेवट तिनेच करून घेतला म्हणायचा.

सिडको

मी पुस्तकं आधी वाचली, म्हणून माझा राग थोडा वेगळा आहे. ताईंच्या भाचीने जिथे लॅपटॉप मिटला त्या प्रसंगाचं सांगतो. मालिकेत सान्साचं क्रूर रॅमसेशी लग्न लावतात, पुस्तकात ते होतच नाही. तिथे जेन पूल नावाच्या मुलीला सान्साची बहीण आर्या म्हणून उभी करून त्याच्या गळ्यात बांधतात. सान्सा तेव्हा कुठल्या कुठे असते. मालिकावाल्यांनी जेनला वगळलं आणि तिच्या वाट्याचा छळ उचलून सान्साला दिला. मोठ्या कादंबऱ्या छोट्या करायच्या तर पात्रं एकत्र करावी लागतात, मान्य. पण चार सीझन राजदरबारात मार खाऊन, गप्प राहून ती शिकली होती. आता काहीतरी डाव टाकेल असं वाटत असताना तिला परत पहिल्या पायरीवर नेऊन ठेवलं.

आणि तो प्रसंग घेतलाय कसा? कॅमेरा वळतो थिऑनच्या, म्हणजे तिच्याच घरात वाढलेल्या मुलाच्या चेहऱ्याकडे. अत्याचार तिच्यावर, आणि आपण बघायचं की त्याला किती वाईट वाटतंय. काही जण म्हणतात की उघडं दाखवलं नाही हेच बरं. मला ते पटत नाही. उघडं दाखवू नका, पण तिची बाजू तरी धरा. १८ मे २०१५ ला आमच्याकडे तो भाग पाहिला. धाकटी बहीण शेजारी होती, उठून गेली आणि तिने पुढे एकही भाग पाहिला नाही. अमेरिकेत क्लेअर मॅकॅस्किल नावाच्या सिनेटरबाईंनीही तेव्हा मालिका सोडल्याचं जाहीर केलं होतं. बहिणीला ते दाखवलं तर म्हणाली, "बघ, मी एकटी नाही."

आठव्या सीझनमध्ये सान्सा हाउंड नावाच्या योद्ध्याला सांगते की लिटलफिंगर, रॅमसे वगैरे आयुष्यात आले नसते तर मी जन्मभर लहान पाखरूच राहिले असते. म्हणजे छळणाऱ्यांचे उपकारच! अभिनेत्री जेसिका चॅस्टेनने यावर जाहीर नाराजी दाखवली होती. मी बहिणीला हे सांगितलंच नाही.

पंचवटी, सेवानिवृत्त शिक्षिका

मुलाने लावून दिली म्हणून बघितली. नको तिथे डोळे मिटून घेत होते, पण बघितली. तुम्ही सगळ्या चांगल्या बायकांबद्दल लिहिताय, मी राणी सर्सीबद्दल लिहिते. ती दुष्ट आहे, स्वार्थी आहे, आणि पडद्यावर आली की मी विणकाम खाली ठेवायचे.

पाचव्या सीझनच्या शेवटी तिचे केस कापून, विवस्त्र करून भर गावातून चालवतात. मागे घंटा वाजवत एक बाई ओरडत असते आणि लोक शेण, घाण फेकतात. ते चित्रीकरण डुब्रोवनिकमध्ये झालं म्हणे. मला ते बघताना तपोवनातला तो पुतळा आठवला, लक्ष्मण शूर्पणखेचं नाक कापतोय तो. आमच्याकडे पाहुणे आले की तिथे नेऊन फोटो काढतात, लहान मुलं हसतात. मी कितीतरी वर्षं पाहुण्यांना तिथे नेलंय आणि कधी काही वाटलं नव्हतं. सर्सी चालताना वाटलं. तो प्रसंग क्रूर होता, पण तो तिचा होता. प्रत्येक पावलाला तिच्या चेहऱ्यावर काय चाललंय ते दिसत होतं.

माझी तक्रार पुढची आहे. एवढा अपमान गिळून उठलेली बाई शेवटच्या सीझनमध्ये करते काय? खिडकीत उभी राहते आणि वाईन पिते. मरते कशी? भावाच्या, त्याच जेमीच्या मिठीत, वरून छत कोसळून. अहो, गांधीनगरच्या रामलीलेतसुद्धा रावणाला शेवटी समोरासमोर युद्ध देतात! खलनायिकेला खलनायिकेचं मरण द्यायला नको?

सातपूर, एमआयडीसीत नोकरी

थोडा विरोधी सूर लावतो, रागावू नका. या मालिकेत पुरुषांचं काय भलं झालं? सान्साच्या बापाचं, नेडचं मुंडकं पहिल्याच सीझनमध्ये उडालं. थिऑनचे काय हाल केले ते लिहिवत नाही. ओबेरिनचं डोकं हातांनी फोडलं. आणि चांगलं झालं तेही मोजा की: सान्सा उत्तरेची राणी झाली.

शिवाय आर्या! २९ एप्रिल २०१९, नाशिकचं लोकसभेचं मतदान. सुट्टी होती, सकाळी साडेसहाला आम्ही मित्र एकाच्या टेरेसवरच्या खोलीत जमलो, पडदे ओढून, कारण तो भाग इतका काळोखा होता की स्वतःचंच तोंड स्क्रीनवर दिसत होतं. आर्याने मेलेल्यांच्या फौजेच्या राजाला, नाइट किंगला खंजीर मारला तेव्हा खालच्या काकू "काय झालं रे?" म्हणत वर आल्या. मग तसेच मतदानाला गेलो. त्या दिवसाचा माझ्याकडे शाई लावलेल्या बोटांचा फोटो आहे, त्यात सगळे दात काढून हसतायत. ही आठवण मला धाग्यातून वगळू द्यायची नाही.

गंगापूर रोड

दादा, वगळत नाही. मीही ओरडले होते त्या वेळी. पण नेड मेला तेव्हा पुढचे सगळे सीझन त्या मरणाभोवती फिरले. बायका कोणासाठी मरतात ते खालच्या प्रतिसादात वाचा.

देवळाली कॅम्प

मिसांदेई.

माझा रंग सावळा नाही, काळा आहे, आणि हे मी न लाजता लिहू शकते इथवर यायला मला वेळ लागला. मालिकेत मोठ्या, टिकलेल्या भूमिकेत तशी बाई एकच होती. गुलाम होती, सुटली, भाषा जाणायची, राणी डेनेरिसची सल्लागार झाली, प्रेमात पडली. समुद्रकिनारी माझ्या लोकांकडे जाऊ असं ठरवत होती. तिला परत साखळदंडात उभी करून मान उडवली. का? तर डेनेरिसला राग यावा म्हणून. तिचं शेवटचं वाक्यसुद्धा राणीने काय करावं याबद्दलचं. आणि तिच्या प्रियकराचा सूड, राणीचा संताप, तिचा मंत्री टिरियनचा पश्चात्ताप, सगळ्यांना पुढे वेळ मिळाला.

त्याच भागात डेनेरिससमोर टेबलावर चुकून राहिलेला कॉफीचा कप सापडला आणि आठवडाभर जग त्या कपावर हसत होतं. आमच्या ऑफिसातही. मला मिसांदेईबद्दल बोलायचं होतं, कोणाला सवडच नव्हती.

नाशिक रोड, रोज पंचवटी एक्सप्रेसने मुंबई

आमच्या लेडीज डब्यात शेवटचा सीझन सामूहिक होता. भाग सोमवारी सकाळी साडेसहाला यायचा, गाडी सातच्या सुमारास. दोघीतिघी घरून डाउनलोड करून आणायच्या, बाकीच्या त्यांच्या खांद्यावरून. १३ मे ला माझं डाउनलोड अर्धवट राहिलं, म्हटलं नेटवर बघू. शहर शरण आलंय, घंटा वाजतायत, डेनेरिस ड्रॅगनवर बसून किल्ल्याकडे बघतेय, तिचे ओठ थरथरतायत, आणि कसारा घाट! बोगदा, गोल फिरणारं चक्र, परत बोगदा. समोरच्या सीटवरच्या मॅडम डाउनलोडवाल्या. त्यांनी तोंडावर हात घेतला आणि म्हणाल्या, "जाळलं हो हिने सगळं." मला वाटलं गंमत करतायत.

ती क्रूर होणारच नव्हती असं मी म्हणत नाही. मालकांना खांबांवर खिळलं, शरण न येणाऱ्या बापलेकांना जाळलं, तेव्हा आम्हीच टाळ्या वाजवल्या होत्या. गंभीर गोष्ट होती आणि ती छान रंगवता आली असती. पण सातवा सीझन सात भागांचा, आठवा सहाच. आधीचे सगळे दहा-दहाचे. एक आख्खी बाई बदलायची आणि वेळ द्यायचा नाही. मैत्रीण गेली, भाचा जॉन जवळ येईना, केस विस्कटले, झाली वेडी. बापासारखी. घराण्यातच आहे म्हणे. एखाद्या बाईने आवाज चढवला की आपल्याकडेही नातेवाईक तिची आई, मावशी, आजी काढतात ना, तसंच.

शेवटच्या भागात मला सर्वांत जास्त लागलं ते कोठडीतलं दृश्य. टिरियन आणि जॉन, दोघे बसून ती कशी होती, कशी झाली आणि आता तिचं काय करायचं हे ठरवतात. ती तिथे नाही. तिला बोलायला मिळतं ते थोडंसं, सिंहासनाजवळ, आणि मग जॉन जवळ घेऊन सुरा खुपसतो. हिची आठ सीझनची वाटचाल आम्ही तिच्या डोळ्यांनी पाहिली आणि नेमका शेवटचा निर्णय तिच्या पाठीमागे.

तो सीझन नव्याने करा म्हणून दहा लाखांवर लोकांनी ऑनलाइन सह्या केल्या. मी नाही केली. कोणाकडून करून घ्यायचा परत, त्याच लोकांकडून?

सिडको

त्याच लोकांकडून, यावरून आठवलं. ७३ भागांपैकी बाईने दिग्दर्शित केलेले चार, ते चारही मिशेल मॅक्लारेनचे, तिसऱ्या आणि चौथ्या सीझनमधले. लेखनात जेन एस्पेन्सन आणि व्हेनेसा टेलर, आणि तिसऱ्या सीझननंतर एकाही भागावर लेखिकेचं नाव नाही. मी हे सगळीकडे सांगत फिरायचो. मग बहिणीनेच टोकलं. ब्रिएनच्या सरदारकीचा भाग लिहिला ब्रायन कॉगमनने. आणि सान्साच्या लग्नाच्या रात्रीचा? त्यानेच. आता बोला.

गंगापूर रोड

हे मला माहीत नव्हतं. बोलते. एकाच माणसाने दोन्ही लिहिलं म्हणजे जमत नव्हतं असं नाही. जमत होतं. हे तर जास्तच चिडवणारं आहे.

इंदिरानगर, भूलतज्ज्ञ

मूळ मालिकेबद्दल वर सगळं आलंय, म्हणून त्याच जगातली, त्याआधीच्या काळातली दुसरी मालिका 'हाउस ऑफ द ड्रॅगन', तिच्यावर लिहिते. २०२२ च्या ऑगस्टमध्ये पहिला भाग आला. राणी एम्मा बाळंतपणात अडलेली, मूल पायाळू. राजाला सांगतात की आई किंवा मूल. राजा तिला न विचारता ठरवतो. मग तिला धरून ठेवतात आणि पोट कापतात. बाहेर स्पर्धेत सरदार एकमेकांचे जीव घेतायत, आत हे.

माझ्या बऱ्याच मैत्रिणींनी तिथेच बंद केलं. मी सिझेरियनसाठी स्पायनल भूल देते, माझं रोजचं काम आहे ते, तरी मला पाणी प्यायला उठावं लागलं. पण मला ते दृश्य वरच्या सान्साच्या प्रसंगासारखं वाटलं नाही. तिला काही सांगितलेलं नाही हे तिला कळत जातं, ते आपल्याला तिच्या चेहऱ्यावर दिसतं. भीती तिची आहे, राजाच्या दुःखाने ती झाकून टाकलेली नाही. आणि त्या मरणाचा परिणाम पुढे तिच्या मुलीच्या प्रत्येक निर्णयावर दिसतो. बाळंतपणाला ती का घाबरते हे वेगळं सांगावं लागत नाही. पहिल्याच सीझनमध्ये क्लेअर किल्नर आणि गीता वसंत पटेल या दोघी दिग्दर्शिका होत्या. पहिला भाग मात्र त्यांचा नव्हे, तो मिगेल सापोचनिकचा, डेनेरिस शहर जाळते तो घंटांचा भाग करणाऱ्याचाच. सिडकोच्या दादांच्या बहिणीला हे सांगा, त्यांना आवडेल.

तक्रार आहेच. दोन मालिकांत मिळून बाळंतपणात मेलेल्या इतक्या बायका झाल्या की मी आता कोणी गरोदर आहे म्हटलं की पुढे ढकलते. आमच्या ऑपरेशन थिएटरमध्ये आयांना सोडवून हसतखेळत घरी पाठवतो हो आम्ही, बहुतेक वेळा. एखादीला तरी धड बाळंत होऊ द्या, ड्रॅगनवर बसून का होईना.