उत्क्रांती आणि गाय??

आजोबांच्या अकराव्याला गुरुजी दानांची नावं घेत होते, वैतरणी, ऋणधेनू, मोक्षधेनू आणि मध्येच म्हणाले उत्क्रांतिधेनू, तर शेजारी बसलेली दहावीतली भाची हळूच कानात म्हणते, "मामा, हा तर सायन्स टूचा पहिला धडा!" हसू दाबलं कसंबसं. पण खरंच, डार्विनचा आणि गाईचा संबंध काय?

वाटसरू : उत् + क्रम्, म्हणजे वर किंवा बाहेर निघणं. प्राण देह सोडतो ती उत्क्रांती, ब्रह्मसूत्रांतही याच अर्थाने आहे. गाईच्या जागी हल्ली ताम्हनात नाणं. एव्होल्यूशनचा अर्थ नंतर चिकटला, हिंदीवाले क्रमविकास म्हणतात.

खडूफळा : माझा राग त्या 'उत्'वरच आहे. वर म्हटलं की शिडी आली, खाली माकड आणि वरच्या पायरीवर आपण! २०१८ मध्ये औरंगाबादला केंद्रातले राज्यमंत्री सत्यपाल सिंह म्हणाले होते की माकडाचा माणूस होताना आपल्या पूर्वजांनी पाहिल्याचं कुठे नाही, आता असं कोणी म्हणतच नाहीये, माणूस आणि आजची माकडं एकाच जुन्या पूर्वजाच्या फांद्या, पण शब्दच चढणीचा असल्यावर मुलं तरी दुसरं काय समजणार. डार्विनच्या 'ओरिजिन ऑफ स्पीशीज' या पुस्तकाच्या १८५९ च्या पहिल्या आवृत्तीत तर 'एव्होल्यूशन' शब्दच नाही, फक्त पुस्तकाचा शेवटचा शब्द 'इव्हॉल्व्ड'. मूळ लॅटिन अर्थ गुंडाळी उलगडणं, म्हणजे आत सगळं आधीच लिहिलेलं!

पाटीपेन्सिल : आणि 'थिअरी'? अमेरिकेत जॉर्जियातल्या कॉब काउंटीत २००२ ला जीवशास्त्राच्या पुस्तकांवर स्टिकर लावले, उत्क्रांती ही थिअरी आहे, फॅक्ट नाही, मग प्रकरण कोर्टात. मराठीत 'नुसता सिद्धांत आहे' म्हणून बघा, जमतच नाही, सिद्ध तर आधीच बसलंय त्यात. आपली पंचाईत 'वादा'ने होते, उत्क्रांतिवाद म्हटलं की समोरचा म्हणतो चला, वाद घालू.

वाटसरू : सृष्टीही बघा. सृज् म्हणजे सोडणं, बाहेर टाकणं, विसर्जनातला तोच. कुंभाराने मडकं घडवावं तसं कोणी बसून घडवलं हे त्या धातूत नाहीच. म्हणून क्रिएशनिझमला, म्हणजे सगळं देवानेच घडवलं या मताला, 'सृष्टिवाद' नको, 'निर्मितीवाद' बरा.

खडूफळा : निर्मितिवाद. समासात 'ति' ऱ्हस्व 🙂

वाटसरू : घ्या!! धाग्यावर मास्तर आहेत हे विसरलोच.