दादा कोंडकेंचे चित्रपट 9 आणि 13 वर्षांच्या मुलांना दाखवायचे का, हे कसं ठरवावं?

पाऊलवाट:
दिवाळीत आजोबा येतायत आणि नातवंडांना घेऊन दादा कोंडके बघायचे असा त्यांचा आग्रह आहे. मुलगी 13 वर्षांची, मुलगा 9 वर्षांचा. घरी मराठीच बोलतात, पण ग्रामीण बोली नीट कळत नाही म्हणून सबटायटल लागतात. यूट्यूबवर एकाच चित्रपटाच्या दोन-तीन प्रती दिसतात, प्रत्येकीची लांबी वेगळी. सुरुवातीला 'यू' दिसला तर निर्धास्त राहायचं का? छोटी प्रत म्हणजे कापून स्वच्छ केलेली का? नुसतं 'दाखवा' किंवा 'नको' असं नको, तपासायचं कसं ते सांगा.

रीळमोजणी:
आधी सेन्सॉर मंडळाच्या प्रमाणपत्राचं साल बघा. जून 1983 पर्यंत आपल्याकडे 'यू' आणि 'ए' एवढे दोनच मुख्य वर्ग होते. मधला 'यूए' (लहान मुलांनी पालकांच्या देखरेखीखाली बघायचा) त्यानंतर आला आणि त्यातले 7, 13, 16 हे वयाचे टप्पे तर 2024च्या नियमांनी आले. त्यामुळे 1975च्या चित्रपटाला मधली पायरीच नव्हती, एकतर सगळ्यांसाठी नाहीतर फक्त प्रौढांसाठी. त्या काळातल्या 'यू'ला आजच्या 'यूए 7+' इतकंही भरवशाचं समजू नका. द्वयर्थी संवादाचा एक अर्थ नेहमीच सरळ असतो, म्हणून तो कात्रीत पकडणंही अवघड. 6 डिसेंबर 1991च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये हीन वृत्तींना उघडपणे खतपाणी घालणाऱ्या द्वयर्थी शब्दांना स्पष्ट मनाई आहे, पण कोंडकेंचे गाजलेले चित्रपट त्याच्या कितीतरी आधीचे.

प्रमाणपत्राची पाटी पडद्यावर दहाएक सेकंदच असते, तेव्हा पॉज करून वाचा. खालच्या डाव्या कोपऱ्यात त्रिकोण असेल तर मंडळाने काहीतरी कापायला लावलं होतं. पाटीवर लांबी मीटरमध्ये असते. 35 मिमी फिल्म मिनिटाला साधारण 27.4 मीटर धावते. समजा 3,800 मीटर लिहिलंय, तर 3,800 भागिले 27.4, म्हणजे 2 तास 19 मिनिटं. तुमची प्रत 2 तास 13 मिनिटांची निघाली तर लगेच 'कापलंय' म्हणू नका. टीव्हीसाठी केलेली प्रत सेकंदाला 24 ऐवजी 25 फ्रेमने चालते, त्यात चार टक्के वेळ असाच कमी होतो. 1 तास 55 मिनिटं निघाली तर मात्र वीसेक मिनिटं खरोखरच गेली आहेत.

पण गेलं काय? बहुतेकदा वेळेत बसवण्यासाठी एखादं गाणं किंवा उपकथानक उडवलेलं असतं, चावट संवाद तसेच राहतात. छोटी प्रत स्वच्छ असतेच असं नाही.

शब्दवेध:
वरच्या माहितीत भर. चित्रपट आधी एकट्याने बघा, पण दोनदा. एकदा आवाज बंद करून आणि एकदा पडद्याकडे पाठ करून नुसता ऐका. आवाज बंद असताना जे खटकतं ते 9 वर्षांच्या मुलालाही पोचतं. नुसतं ऐकताना जे खटकतं, त्यातलं बरंचसं त्याच्या डोक्यावरून जातं. गुडघ्यापर्यंतची ढगळ चड्डी, लोंबणारी नाडी, धडपडणं, गावंढळ सोंग याला लहान मुलं खळखळून हसतात आणि त्यात वावगं काही नाही.

चावट वाक्य कसं बनतं ते एका नावातच दिसतं: 'बोट लावीन तिथं गुदगुल्या' (1978). नऊ वर्षांच्या मुलाला यात गुदगुल्यांचा खेळ ऐकू येतो, विषय संपला. तेराव्या वर्षी कान 'तिथं'वर अडकतो, कारण कुठं ते सांगितलेलंच नाही. याच धर्तीच्या संवादांत कर्म गाळलेलं असतं, क्रियापदाआधी अर्धा श्वास थांबा असतो आणि लगेच समोरच्याचा चेहरा दाखवतात. वाक्य, थांबा, चेहरा हे तिन्ही एकत्र आले की ती वेळ कागदावर टिपा. अशा जागा दर दहा मिनिटांत एक-दोन असतील तर 13 वर्षांच्या मुलीसोबत बघायला हरकत नाही. सहा-सात असतील तर सिनेमा त्याच्यावरच उभा आहे, दुसरा निवडा.

ही रीत तमाशातून आली आहे, हे मुलीला आधी पाच मिनिटं जरूर सांगा. गवळणीतली मावशी, वगातला सोंगाड्या, सवाल-जवाब. स्वतः दादा चित्रपटात येण्याआधी 'विच्छा माझी पुरी करा' हे वगनाट्य गाजवत होते. हा संदर्भ मिळाला की मुलगी शब्दांचा खेळ म्हणून ऐकते, आणि मला वाटतं या चित्रपटांचं खरं सामर्थ्य तिथंच आहे.

ढोलकी_आणि_पडदा:
शब्दांची एवढी काळजी नको, हातांची करा. चावट वाक्य मूल विसरतं, पण बाईच्या अंगाला न विचारता हात लावला आणि सगळे हसले, हे लक्षात ठेवतं. तपासताना एकच गोष्ट नीट बघा: नायिका 'नको' म्हणते किंवा मागे सरते, तेव्हा नायक थांबतो का? आणि तेव्हा पाठीमागे काय वाजतं? तिच्या अवघडलेपणावर मिश्कील ढोलकी वाजत असेल तर मुलांना हसायला सांगितलं जातंय. ते दृश्य 9 वर्षांच्या मुलासाठी गाळाच आणि मुलीशी त्यावर बोला. याउलट नायिका तोडीस तोड उत्तर देऊन नायकाचीच फजिती करत असेल (उषा चव्हाण यांच्या भूमिकांत असा ठसका भरपूर आहे) तर तो प्रसंग बिनधास्त दाखवा. तोतरेपणा, आंधळेपणा, जाडेपणा यांवरचे विनोद वेगळे टिपा. शाळेत जाऊन नक्कल होते ती याचीच.

अक्षरखूण:
सबटायटलचा मुद्दा राहिला. द्वयर्थी वाक्याचं भाषांतर करताना दोन्ही अर्थ इंग्रजीत उतरत नाहीत, एकच निवडावा लागतो. काही ठिकाणी भाषांतरकार नेमका झाकलेला अर्थ उघडा करून लिहितो. म्हणजे मराठीत जे मुलाच्या डोक्यावरून गेलं असतं ते खाली ठळक अक्षरांत येतं. आपोआप तयार होणारी सबटायटलं ग्रामीण बोलीत हमखास चुकतात, कधी साध्या शब्दाचा अश्लील शब्द होतो. 9 वर्षांच्या मुलासाठी ती बंद ठेवा, अडलेला शब्द तोंडी सांगा.

यूट्यूबवर ऑटोप्ले आधी बंद करा. चित्रपट संपला की पुढे त्याच नावाखाली चावट प्रसंगांच्या जुळवलेल्या फिती लागतात आणि त्यांची चित्रं चित्रपटापेक्षा भडक असतात.

पाऊलवाट:
मीटरचा हिशोब आणि ढोलकीची खूण दोन्ही वापरते. टिपलेल्या वेळांचा कागद आजोबांना आधी दाखवू का?

शब्दवेध:
जरूर, आणि कुठं पुढं ढकलायचं ते त्यांच्याशीच ठरवा, रिमोटही त्यांच्याच हातात द्या. ऐनवेळी आई रिमोटकडे झेपावली की मुलांना जागा बरोबर कळते. धाकट्यासाठी पहिला अर्धा-पाऊण तास पुरे, मग त्याला फराळाला बोलवा. मुलीने अर्थ विचारलाच तर 'याचे दोन अर्थ होतात, दुसरा मोठ्या माणसांचा आहे, हवा असेल तर नंतर सांगते' असं सरळ सांगा, आणि तिने नंतर विचारलं तर खरंच सांगा.