शब्दचर्चा : पाणी वायू ‘शोषतं’ का?

प्रश्न

हवेतले वायू पाण्यात कसे शिरतात यावर लेख लिहितोय आणि एका वाक्याशी अडलोय : ‘ढगातले थेंब सल्फर डायऑक्साइड शोषून घेतात.’ चूक म्हणवत नाही, पण कानाला खटकतंय. शोधल्यावर शोषण, अवशोषण, अभिशोषण, अधिशोषण असे चार शब्द मिळाले. कुठला कुठे वापरावा?

उत्तर

खटकलं ते योग्यच आहे. ‘शोषण’च्या मुळाशी ‘शुष्’ धातू आहे, म्हणजे सुकणं, कोरडं होणं. घशाला शोष पडतो तो यातलाच. टिपकागद शाई शोषतो, तापलेली माती पहिला पाऊस शोषते. दोन्हीकडे शोषणारा कोरडा आणि शोषलं जातं ते ओलं. तुमच्या वाक्यात शोषणारं खुद्द पाणीच आहे, म्हणून कान अडखळतो.

पण माझा खरा आक्षेप वेगळा आहे. ‘शोषलं’ म्हटलं की गेलं ते गेलं असं वाटतं. पाणी आणि हवा यांच्या सीमेवर तसं होत नाही. वायूचे रेणू सतत आत जातात आणि बाहेरही येतात. दोन्हींचा वेग सारखा झाला की पाण्यातलं प्रमाण स्थिर राहतं. गार पाण्याचा पेला रात्रभर ठेवून बघा. सकाळी काचेच्या आतल्या बाजूला मोहरीहूनही बारीक बुडबुडे चिकटलेले दिसतात. पाणी खोलीइतकं कोमट झालं आणि त्यात आधी मावत होती तेवढी हवा मावेनाशी झाली.

हे ‘मावणं’ क्रियापद मला इथे फार मोलाचं वाटतं. उघड्या हवेत, समुद्रसपाटीला, ० अंश सेल्सिअसच्या एक लिटर गोड्या पाण्यात सुमारे १४.६ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो. २५ अंशांना जेमतेम ८.३. विल्यम हेन्री यांनी १८०३ मध्ये मांडलेला नियमही मावण्याचाच आहे : तापमान तेच असेल तर पाण्यात विरघळणारा वायू हा पाण्यावरच्या त्या वायूच्या दाबाच्या प्रमाणात असतो. यात ‘शोषण’ बसवून वाचा, अर्थ लगेच गढूळ होतो.

आता तुमचे चार शब्द. अवशोषण आणि अभिशोषण दोन्ही ‘आत घेणं’ या अर्थानेच वापरलेले दिसतात. एका लेखात एकच ठेवा, म्हणजे झालं. अधिशोषण मात्र वेगळं. ‘अधि’ म्हणजे वर. रेणू पृष्ठभागावर टेकतो, तिथेच धरला जातो, आत जात नाही. इंग्रजीतही हा भेद उशिराच आला. ‘अ‍ॅड्सॉर्प्शन’ (म्हणजे अधिशोषण) हा शब्द जर्मन भौतिकशास्त्रज्ञ हाइनरिश कायझर यांनी १८८१ मध्ये वापरात आणला.

आणखी एक शंका

पण थेंबाच्या बाबतीत आधी पृष्ठभागावर टेकणं आणि मग आत जाणं, दोन्ही होतंच ना? मग अधिशोषण म्हणू की विरघळणं?

उत्तर

दोन्ही होतं, म्हणूनच टप्पे वेगळे लिहावेत. रेणू पाण्याच्या कातडीवर आदळतो, काही परत उडतात, काही टेकतात. टेकलेल्यांपैकी काही आत शिरून विरघळतात. मग काहींचं रासायनिक रूप पालटतं. हा शेवटचा टप्पा विसरू नका, थेंबाची सगळी गंमत तिथे आहे. सल्फर डायऑक्साइड विरघळला की त्यातून बायसल्फाइट आयन होतात, थेंबातलं हायड्रोजन पेरॉक्साइड त्यांचं सल्फ्युरिक आम्ल करतं. विरघळलेला वायू असा खर्ची पडला की आत पुन्हा जागा होते आणि बाहेरून आणखी वायू येतो. नुसत्या मावण्याच्या हिशेबाने जेवढा गेला असता, त्याहून कितीतरी जास्त.

आकाराचंही बघा. २ मिलिमीटर व्यासाच्या पावसाच्या एका थेंबात ०.०२ मिलिमीटर व्यासाचे १० लाख मेघबिंदू बसतात. पाणी तेवढंच, पण त्या बिंदूंचा एकूण पृष्ठभाग शंभरपट. वायूला शिरायला शंभरपट दारं.

पृष्ठभागावर काय घडतं ते डोळ्यांनी बघायचं असेल तर चुन्याची निवळी उथळ बशीत उघडी ठेवा. काही वेळाने वर पातळ पांढरा पापुद्रा धरतो, काडीने ढकलला तर सुरकुततो. हवेतला कार्बन डायऑक्साइड वरच्या थरातच चुन्याला भेटला आणि कॅल्शियम कार्बोनेट झाला. खालची निवळी तेव्हा नितळच असते. याला शोषण म्हणा किंवा अधिशोषण, दोन्ही अपुरे. विरघळणं आणि लगोलग अभिक्रिया, असंच लिहावं लागतं.

तिसरं मत

‘समुद्र कार्बन डायऑक्साइड शोषतो’ हे आता इतकं रुळलंय की काढणं अवघड आहे.

उत्तर

तिथे मी अडवणार नाही. माणसाने हवेत सोडलेल्या कार्बन डायऑक्साइडचा साधारण पाव हिस्सा समुद्रात जातो आणि सगळा जमाखर्च मांडला तर ओघ आतच आहे. फक्त एकदा तरी ‘निव्वळ’ हा शब्द जोडावा, कारण काही भागांत समुद्र हा वायू बाहेरही सोडतो.

मूळ प्रश्नातलं वाक्य मी असं लिहीन : ‘ढगातल्या थेंबांत सल्फर डायऑक्साइड विरघळतो, तिथेच त्याचं आम्ल होत जातं आणि त्यामुळे आणखी वायू आत येत राहतो.’ वाक्य लांबलं खरं, पण त्यातली तिन्ही क्रियापदं मला हवीच आहेत.