हॅलो व्हेस्ट : उन्हाळ्यात घाम आणि पिना

प्रश्न : बाबांना हॅलो व्हेस्ट बसवलंय (मान हलू नये म्हणून कवटीला पिनांनी बसवलेलं कडं, दांड्यांनी छातीवरच्या जाकिटाला जोडलेलं). इंदूरच्या मे महिन्यात आतला घाम कसा पुसायचा? पिनांची निगा कशी?

उत्तर १ : हात साबणाने धुवा. सलाइनमध्ये बुडवलेली कापसाची काडी, प्रत्येक पिनेला नवी, नाहीतर एकीकडचे जंतू दुसरीकडे जातात. मलम स्वतःहून नको. पिन हलली, कटकट वाजली, दुखणं वाढलं, पू किंवा ताप आला तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. घरी पिना पिळू नका, कृपा करून.

उत्तर २ : पातळ सुती पंचा भिजवून घट्ट पिळा, व्हेस्टखालून सरकवत पुसा, मग कोरडा पंचा. लोकरीचं अस्तर ओलं राहिलं की कातडी सोलवटते. हेअर ड्रायरची थंड हवा द्या. पावडरचे गोळे होऊन घासतात, ती नकोच.

उत्तर ३ : उठवताना दांड्यांना अजिबात धरायचं नाही, कुशीवर वळवून पाय खाली सोडा. व्हेस्टवर चिकटवलेला पाना तिथेच राहू द्या, हृदय बंद पडून छाती दाबायची वेळ आली तर पुढचा भाग त्यानेच उघडतो. आणि गिळताना मान वाकत नाही, म्हणून शेव घातलेले कोरडे पोहे टाळा. ताठ बसवून मऊ, छोटे घास.