कोकणातलं समुद्रशेवाळ सडून नाही राहिलं, अन् ते फळगळीचं औषधही नाही

धरमपेठ_बॉटनी
परवा इथं एका बागायतदार भावानं लिहिलं, "कोकणच्या खडकांवर शेवाळ फुकट सडून राहिलं. सरकारनं कापून विदर्भात आणावं, संत्र्यावर फवारावं, फळगळ बंद." खाली सगळ्यांनी वाहवा केली. तीस वर्षं बॉटनी शिकवली, गप्प बसवत नाही.

ते सडत नाहीये. मालवण-रत्नागिरीचं सारगॅसम, म्हणजे तिथलं तपकिरी समुद्रशेवाळ, पावसाळा सरला की वाढीला लागतं अन् हिवाळ्यात भरात येतं. त्याच्या आडोशाला माशांची पिल्लं, खेकडे, गोगलगायी वाढतात. लाटांनी वाळूवर टाकलेलंसुद्धा बारक्या जीवांचं अन् त्यांना टिपणाऱ्या पाखरांचं पोट भरतं. मेळघाटातला पालापाचोळा ट्रक लावून उचला, असं म्हणाल का?

एकदा गेलं की काय होतं ते सिडनीत पाहा. तिथल्या सुमारे ७० किलोमीटर किनाऱ्यावरून क्रेवीड हे तपकिरी शेवाळ १९८०च्या दशकात नाहीसं झालं. कारण म्हणून बोट सांडपाण्याकडे जातं. पुढे सांडपाणी खोल समुद्रात सोडलं, पाणी सुधारलं, तरी क्रेवीड आपणहून परतलं नाही. शेवटी दुसरीकडून प्रजननाला आलेली मोठी रोपं आणून उघड्या खडकांवर जाळीला बांधावी लागली, तेव्हा कुठं त्यांची पिल्लं उगवली.

काटोल_आंबिया
ताई, ती पोस्ट माझीच. सिडनीचं सिडनीत ठेवा. मागच्या आंबिया बहाराला संत्र्याच्या दोनशे झाडांवर सीवीडच्या, म्हणजे समुद्रशेवाळाच्या अर्काच्या, तीन फवारण्या केल्या. शेजारच्या वावरात फळांचा सडा पडला होता, माझी फळं झाडावर होती. डोळ्यानं पाहिलेलं खोटं म्हणू काय? अन् तमिळनाडूत बाया समुद्रात याची शेतीच करतात, केंद्रानं मत्स्यसंपदा योजनेत शेवाळासाठी ६४० कोटी ठेवले. म्हणजे सरकारही चुकलं?

नरखेड_कास्तकार
सीवीडचं नाव काढलं की माझं डोकं फिरते. जूनमध्ये युरियाच्या चार गोण्या मागितल्या, तर दुकानदार म्हणे दोन बाटल्या सीवीड घ्या, नाही तर युरिया संपला. गोण्या मागं रचून ठेवलेल्या मला दिसून राहिल्या होत्या! घेतल्या बाटल्या, करतो काय? कपाशी पिवळी पडून राहिली होती. एक अजून कोठ्यात पडून आहे.

वरुड_मृग
आमच्याकडेही तेच. पक्कं बिल मागितलं तर बाटलीचं वेगळं फाडते, म्हणजे लिंकिंग, युरियासोबत बाटली गळ्यात मारणं, सिद्धच होत नाही.

काटोल_आंबिया
लिंकिंग हा दुकानदाराचा गुन्हा आहे, शेवाळाचा नाही. विषय भरकटवू नका.

नरखेड_कास्तकार
भरकटवू नका काहून? तुमच्यासारखे "फळगळ बंद" लिहितात, तेच मोबाइलवर दाखवून दुकानदार आमच्या गळ्यात बाटली मारतात. तुमची दोनशे झाडं, ड्रिप, विहिरीला पाणी. आमच्या कोरडवाहूवर एकदा येऊन बोला.

काटोल_आंबिया
माझं कर्ज तुम्ही फेडून राहिले का? तोंड सांभाळून बोला भाऊ.

मालवणकर_हुडकेश्वर
भांडण थांबवा जरा. मी मूळ मालवणचा, नोकरीमुळे बारा वर्षं नागपुरात. ताईंचं सगळं पटत नाही. सारगॅसम जाळ्यात अडकलं की माझे काका दोन-दोन तास साफ करत बसत अन् त्याला कचराच म्हणत. पण त्याच काकांनी मला लहानपणी ओहोटीला दाखवलं होतं, शेवाळ बाजूला केलं की खाली बोटाएवढी पिल्लं. कापायला कोणी आलं असतं तर पहिली कोयती त्यांनीच हिसकावली असती. आमच्याकडे १९८७ सालापासून सागरी अभयारण्य आहे. तिथलं शेवाळ ट्रकात भरायचं आधी तिथल्या गाबित मच्छीमारांना विचाराल की नाही?

धरमपेठ_बॉटनी
जाळ्यांचा त्रास खरा आहे, ते मी लिहायला हवं होतं.

आता काटोलच्या भावाला. तमिळनाडूत बाया लावतात ते मुख्यतः कॅप्पाफायकस, म्हणजे लाल शेवाळ. त्यातून कॅरॅजिनान हा घट्टपणा आणणारा पदार्थ निघतो. सारगॅसम तपकिरी, त्यातून अल्जिनेट, ज्यानं दंतवैद्य दातांचा साचा घेतात. ते आपल्याकडे लावत नाहीत, नैसर्गिक खडकांवरून तोडतात. अन् ते लाल शेवाळही बाहेरून आणलेलं. मन्नारच्या आखातात कुरुसडै बेटाजवळ ते प्रवाळांवर पसरल्याची नोंद २००८ साली झाली. ६४० कोटी आहेत म्हणून कुठंही काहीही लावायचं नसतं.

कापूच नका असं मी म्हणत नाही. कॅनडाच्या न्यू ब्रन्सविकमध्ये ॲस्कोफायलम हे तपकिरी शेवाळ कापायला परवानगी आहे, पण खडकापासून १२.७ सेंटिमीटर बुडखा ठेवावाच लागतो, कारण फुटवा तिथून येतो. खडकाची पकड उपटली की संपलं. तुमच्या "कापून आणा" मध्ये हा बुडखा कुठं आहे?

आणि बाटली. तिच्यात सायटोकायनिन, बीटेन, मॅनिटॉल अशी शेवाळातली द्रव्यं असतात, ताणात झाडाला आधार मिळू शकतो. पण ते खत नाही. म्हणूनच २०२१ साली खत नियंत्रण आदेशात बायोस्टिम्युलंटचा, म्हणजे झाडाच्या वाढीला चालना देणाऱ्या द्रव्यांचा, वेगळा वर्ग केला. अनेक कारखाने अर्क काढायला पोटॅशियम हायड्रॉक्साइड वापरतात, तेव्हा लेबलवरचं पोटॅश बरंचसं तिथलंच. तुमची फळगळ फायटोफ्थोरा या बुरशीसारख्या रोगाची असेल, रस शोषणाऱ्या पतंगाची असेल किंवा बुंध्याशी पाणी साचल्याची असेल, तर सीवीड तिथं काय करणार? फवारणीबरोबर त्या वर्षी आणखी काय केलं होतं, ते प्रामाणिकपणे सांगा.

काटोल_आंबिया
पाण्याच्या निचऱ्याला चर काढले होते. बोर्डो, म्हणजे मोरचूद-चुन्याचं बुरशीनाशक, लावलं होतं. पाऊसही कमी होता.

बरं, "फळगळ बंद" हे जास्त झालं, ते शब्द मागं घेतो. फवारणी सोडणार नाही. यंदा चार ओळी न फवारता ठेवतो, चर अन् बोर्डो सगळ्यांना सारखंच. फळं मोजून इथंच टाकीन. अमरावती रोडवरच्या लिंबूवर्गीय संशोधन संस्थेतही पानं घेऊन जातो. पण कोकणातलं कापायचं नसेल तर सरकारनं लागवडीला पैसे द्यावे, हे माझं कायम.

धरमपेठ_बॉटनी
देशी जात, प्रवाळांपासून लांब, कोळ्यांना विचारून. मग माझी हरकत नाही.

नरखेड_कास्तकार
चार ओळी ठेवा, मोजा, सगळं करा. माझ्या कोठ्यातल्या बाटलीचे पैसे कोण परत देणार, ते कोणी बोललंच नाही. बिलाचा फोटो आहे. तक्रार तालुका कृषी अधिकाऱ्याकडे द्यायची की थेट जिल्ह्याला, एवढं तरी सांगा.