रि: मेघनाची क्रू फी, शुक्रवारच्या आत ठरवा

शर्वरी:
मंडळी, आपल्या परिचारिका मेघनाचं सिएरा लिओनमधल्या फ्रीटाउनचं पक्कं झालं, मर्सी शिप्सच्या 'ग्लोबल मर्सी' या हॉस्पिटल-जहाजाकडून पत्र आलं. तारखा त्याच, म्हणजे गणपतीत ती इथे नाही. तिकीट आणि क्रू फी (जहाजावर राहण्या-जेवणाचे पैसे) मिळून आकडा मागच्या बैठकीत सांगितला तोच. तेव्हा सगळे "बघू" म्हणाले होते, आता शुक्रवारच्या आत बघायचं आहे. मंडळाच्या पुराच्या निधीतले पैसे २०१९ पासून पडून आहेत, त्यातून द्यावेत असं माझं स्पष्ट मत. नितीनदादा, चेक कधी काढताय?

नितीन (खजिनदार):
शर्वरी, त्या निधीतून एक पेनीही काढता येणार नाही. ते पैसे आपण सांगली-कोल्हापूरच्या पुरासाठी म्हणून लोकांकडून मागितले. ज्या कारणासाठी मागितले त्यालाच वापरायचे, हा इथला, ब्रिटनमधला, चॅरिटीचा कायदा आहे. शाळेच्या दुरुस्तीचं काम तिकडे अडलं म्हणून शिल्लक राहिली, एवढंच.

सर्वसाधारण खात्याचंही अवघड आहे. आपल्या घटनेत उद्देश लिहिला आहे तो मराठी भाषा, संस्कृती आणि इथल्या मराठी कुटुंबांचं कल्याण. सिएरा लिओनमधल्या शस्त्रक्रिया त्यात कुठे बसवू? सही विश्वस्तांची जाते. मेघनाला मदत व्हावी असं मलाही मनापासून वाटतं, पण मार्ग दुसरा शोधा.

अरविंदकाका:
माझा प्रश्न पैशाच्या आधीचा आहे. पोरगी इथे वॉर्डात बारा-बारा तासांच्या पाळ्या करते. तिथेही तेच काम, पगार नाही, तिकीट पदरचं, आणि वर राहण्या-जेवणाचे पैसेही तिनेच भरायचे? काम करणाऱ्याकडूनच पैसे घेणारी संस्था मी बँकेतल्या सबंध नोकरीत पाहिली नाही. कुणी नीट चौकशी केली आहे का? तिचे आईवडील पुण्याहून मला फोन करून विचारतात. त्यांना मी काय सांगू?

सुनंदाताई:
अरविंदराव, मी स्वतः राहून आले आहे, तेव्हा मीच सांगते. २०१५ मध्ये मादागास्करला, तोआमासिना बंदरात, 'आफ्रिका मर्सी'वर. जुन्या मंडळींनी माझे फोटो पाहिले आहेत.

मर्सी शिप्स ही संस्था १९७८ पासून आहे आणि पहिल्यापासून तिची रीत हीच. सर्जनसुद्धा आपल्या बिछान्याचे आणि जेवणाचे पैसे भरतो. डॉ. गॅरी पार्कर नावाचे जबड्याचे सर्जन १९८० च्या दशकात थोड्या काळासाठी म्हणून आले आणि तिथेच राहिले. लग्न जहाजावरच्याच सहकारी स्त्रीशी, मुलंही जहाजावरच वाढली. कर्मचाऱ्यांचा खर्च कर्मचाऱ्यांनी उचलला की देणगीदाराचा पैसा भूल, टाके, औषधं आणि डिझेल यांना जातो. रुग्णाला बिल नसतं. मला हा हिशोब तेव्हाही पटला, आजही पटतो.

आता कामाचं. 'आफ्रिका मर्सी' म्हणजे आधी डेन्मार्कची रेल्वेचे डबे वाहून नेणारी फेरीबोट. जिथे डबे उभे राहायचे त्या मजल्यावर आमचं हॉस्पिटल. खिडकी नाही, कॉटला कॉट लागलेली, आणि रुग्णाबरोबर आलेलं माणूस त्याच कॉटखाली गादी टाकून झोपायचं. मी सिव्हिलमध्ये शिकलेली, मला त्यात काहीच नवल वाटलं नाही. माझ्या शेजारच्या कॅनेडियन मुलीला मात्र पहिल्या रात्री कुणाच्या तरी हातावर पाय पडेल म्हणून चालवेना.

दुभंगलेल्या ओठांची आणि टाळूची बाळं यायची. त्यांना दूध ओढता येत नाही, म्हणून ती आधी कुपोषित असतात, आणि इतक्या कमी वजनावर भूल देता येत नाही. म्हणून ऑपरेशनच्या आधी बाळाला कसं पाजायचं ते आईला शिकवायचं आणि वजन वाढायची वाट बघायची. सकाळी काट्यावर ठेवलं की आया आकड्याकडे बघायच्या नाहीत, आमच्या तोंडाकडे बघायच्या. वजन वाढलेलं असलं की मला भाषा येत नसूनही सांगावं लागायचं नाही.

जबड्याच्या गाठी हा दुसरा मोठा भाग. त्यातल्या कितीतरी कॅन्सरच्या नसतात. इथे त्या सुपारीएवढ्या असतानाच दंतवैद्याच्या नजरेला येतात. तिथे सर्जनच नाही म्हणून वर्षानुवर्षं वाढत राहतात, शेवटी घास गिळता येत नाही, मग श्वास कोंडतो. 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०१५ मध्ये मांडलं होतं की जगातल्या ५ अब्ज माणसांना सुरक्षित आणि परवडणारी शस्त्रक्रिया मिळत नाही. मी ते वाचलं तेव्हा मला तोआमासिनाची रांग आठवली.

आईवडिलांना सांगा, मुलगी सुरक्षित आहे. माझा फोन नंबर द्या.

विद्याधर:
सुनंदाताईंच्या अनुभवाचा आदर आहेच. पण संस्था ख्रिस्ती धर्माच्या पायावर उभी आहे हे कुणी बोललं नाही. मेघनाने वैयक्तिक जावं, माझी काहीच हरकत नाही. मंडळाचं नाव आणि गणपतीतली वर्गणी तिकडे जाणार असेल तर सभासदांना आधी सांगायला हवं. मागे क्रिकेटच्या प्रायोजकाच्या वेळी न सांगता झालं आणि केवढा वाद झाला ते सगळ्यांना माहीत आहे.

सुनंदाताई:
विद्याधर, सांगायलाच हवं, लपवण्यासारखं काही नाही. प्रार्थनासभा होत्या, ज्यांना जायचं ते जायचे. मी गेले नाही आणि मला त्यावरून कुणी कमी-जास्त बोललं नाही. रुग्णाचा धर्म कुठल्याही अर्जात विचारत नाहीत. सिएरा लिओनमध्ये तर बहुसंख्य लोक मुसलमान आहेत, आणि जहाज त्यांच्या सरकारच्या निमंत्रणावरून तिथे उभं आहे.

डॉ. माधवी:
सुनंदाताई, रेल्वेची फेरीबोट वाचून राहवलं नाही. आपल्याकडे तर गाडीच हॉस्पिटल झाली! 'लाइफलाइन एक्सप्रेस', १९९१ पासून, इम्पॅक्ट इंडिया ही संस्था आणि भारतीय रेल्वे यांची. मी मुंबईहून भूल द्यायला जायचे. गाडी स्टेशनाच्या बाजूच्या रुळावर उभी, थिएटर डब्यात, आणि ऑपरेशननंतरचे रुग्ण गावातल्या शाळेच्या खोल्यांत. मोतीबिंदू, दुभंगलेले ओठ, कान, पोलिओचे पाय. लोक बैलगाडीतून यायचे आणि फलाटावरच मुक्काम करायचे.

एक फरक मेघनाने लक्षात ठेवावा. आमची गाडी काही आठवड्यांत पुढे निघायची. नंतर टाका पिकला तर सगळी भिस्त तिथल्या डॉक्टरांवर. जहाज एका बंदरात साधारण दहा महिने थांबतं. भाजून आखडलेला हात सोडवला की खरं काम पुढे असतं, स्प्लिंट (आधाराची पट्टी) आणि रोजचा व्यायाम. ते दोन-तीन आठवड्यांत होत नाही. म्हणून मला गाडीपेक्षा जहाजाची व्यवस्था रुग्णाच्या दृष्टीने बरी वाटते. तिथल्या भूलतज्ज्ञांना आणि परिचारिकांना शिकवतातही, ते तर फारच गरजेचं. सिएरा लिओनने इबोलाच्या साथीत आपल्या कितीतरी परिचारिका आणि डॉक्टर गमावले.

अलका (उत्सव समिती):
गाडी आणि जहाज दोन्ही छान, पण माझा प्रश्न कुणी घेतच नाही. मेघना नाही तर प्रथमोपचाराचं टेबल कोण बघणार? हॉलवाल्यांना नाव लेखी द्यायचं आहे. आणि कुणीतरी मला वेगळा निरोप पाठवून "मेघनासाठी वड्यांचा स्टॉल लावू या" म्हटलं आहे. स्टॉलचं वाटप मे महिन्यात झालं. गरम पदार्थाला हॉलमध्ये एकाच स्टॉलची परवानगी आहे आणि ती ज्येष्ठ महिलांच्या गटाकडे आहे. त्यांनी तळणाची कढईसुद्धा ठरवून ठेवली आहे. आता कुणी मध्ये येऊ नये ही विनंती.

मेघना:
सगळ्यांना नमस्कार. रात्रपाळी होती म्हणून उशिरा लिहिते आहे.

नितीनदादांचं बरोबर आहे. पुराचे पैसे पुराचेच, मला त्यातले नकोत. तिकीट मी काढलं आहे. क्रू फीचा थोडा भार कुणाला वैयक्तिक उचलावासा वाटला तर मी मनापासून घेईन, नाही जमलं तरी मी जाणार आहे. बिनपगारी रजा मिळवायलाच इतका वेळ गेला की आता मागे फिरणं नाही.

काका, आईबाबांना सांगा की 'ग्लोबल मर्सी' जुनी बोट नाही. हॉस्पिटल म्हणूनच बांधलेलं जहाज आहे, १७४ मीटर लांब, ६ ऑपरेशन थिएटर. मला मुलांच्या हाडांच्या वॉर्डात घेतलं आहे. पाय धनुष्यासारखे वाकलेली मुलं, सरळ केले की प्लास्टर. इथे मी वर्षानुवर्षं मुलांच्या वॉर्डात आहे, प्लास्टरमधलं घाबरलेलं पोर कसं सांभाळायचं ते मला येतं. जिथे ते येणारं माणूस कमी आहे तिथे थोडे दिवस जाऊन करावं, इतकंच मला हवं आहे.

रक्तगटही कळवला आहे. जहाजावर मोठा रक्तसाठा नसतो, गरज पडली की कर्मचाऱ्यांपैकीच कुणाला तरी बोलावून ताजं रक्त घेतात.

एक अडचण आहे. फ्रीटाउनहून मी थेट मुंबईला उतरणार, दादाच्या लग्नाला. पीतज्वराच्या लशीचं काय करायचं, कुणाला माहीत आहे का?

मकरंद:
मेघना, हे अजिबात हलक्यात घेऊ नकोस. पीतज्वराच्या देशातून भारतात उतरताना लशीचं पिवळं कार्ड मागतात. नसेल तर ६ दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवतात. कंपनीच्या कामाने घानाहून येताना माझ्या सहकाऱ्याचं अख्खं लग्नघर असं तिष्ठत बसलं होतं. कार्ड लस घेतल्यानंतर १० दिवसांनी लागू होतं, मग जन्मभर चालतं. इथे ती फक्त नेमलेल्या केंद्रांवर मिळते आणि पैसे पडतात. आजच वेळ घे. कार्ड पासपोर्टच्या आतच ठेव, सामानात नको. मलेरियाच्या गोळ्याही जायच्या आधीपासून सुरू कराव्या लागतात.

सुनंदाताई:
आणि खाण्याचं विचारलं नाहीस तरी सांगते. शाकाहारी असलीस तरी उपाशी राहणार नाहीस, पण मेतकूट आणि सुकी लसणाची चटणी ने. पायात मऊ, न घसरणारे बूट. केबिनमध्ये इतरांबरोबर राहायचं असतं आणि पाळ्या वेगवेगळ्या, तेव्हा कानात घालायचे बोळे आणि डोळ्यावरची पट्टी विसरू नकोस.

नितीन (खजिनदार):
असं करू या. मंडळाच्या खात्यातून काही जाणार नाही. ज्यांना मेघनाला द्यायचे आहेत त्यांनी थेट तिच्या खात्यात द्यावेत, त्यावर गिफ्ट एड (चॅरिटीच्या देणगीत सरकार घालतं ती भर) मिळणार नाही हे लक्षात घ्या. ज्यांना रुग्णांसाठी द्यायचे आहेत त्यांनी संस्थेच्या इथल्या नोंदणीकृत चॅरिटीला द्यावेत. इथे कर भरत असाल तर प्रत्येक पौंडामागे २५ पेन्स सरकार घालतं. गणपतीत दारापाशी माहितीचा कागद ठेवू, त्यावर संस्थेबद्दल सगळं लिहू, विद्याधर म्हणतात तसं. पेटी ठेवायची नाही.

अरविंदकाका:
सुनंदाताई, आपलं पत्र मेघनाच्या वडिलांना वाचून दाखवलं. नंबरही दिला, आज संध्याकाळी फोन येईल. मेघना, खात्याचा तपशील मला वेगळा पाठव, यादीवर टाकू नकोस.

अलका (उत्सव समिती):
प्रथमोपचाराचं टेबल? डॉ. माधवी, शनिवारी दुपारी तुम्ही मोकळ्या आहात का? रविवारसाठी अजून एक नाव हवं. हॉलचा फॉर्म मी बुधवारी देणार आहे.